कोरा तुकडा

चेन्नई
४ जुलै २०२३

तीर्थरूप केवलराम मामाले दामिनीचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तुमी म्हणाल पोरगी मराठी विसरली. विसरली नाही, पण दिवसभर इंग्रजी लिहून अन् हॉस्टेलमध्ये हिंदी बोलून हात जड होतो. हिंदी मीडियमच्या पोरीले तुमी दर सुट्टीत समोर बसवून जोडाक्षरं शिकवली, त्याच्याच जोरावर हे लिहून राहिली. फोनवर मामी असते, आई असते, सगळे एकदम बोलतात अन् ‘जेवली का’च्या पुढं गाडी जात नाही. म्हणून पत्रच बरं.

तुमी विचारलं होतं, चार वर्षं तू तिथं नेमकं काय पाहून राहिली. सांगते. स्पिनेल नावाचा एक खडा असतो. दागिन्यात घालतात तसा, पण आमी तो लॅबमध्ये बनवतो. अणुभट्टीतला सगळ्यात घातक कचरा अशा खड्यात बंद करून हजारो वर्षं ठेवता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. कचरा आतून सतत मारा करणार. मग खडा किती टिकेल? हजार वर्षं थांबून कोण पाहणार. म्हणून आमी मशीनमधून त्याच्यावर आयन सोडतो, मतलब अणूंचे छर्रे समजा, अन् हजार वर्षांचा मार काही तासांत देतो. मग त्याचा तुकडा केसाच्या हजाराव्या भागाएवढा पातळ करायचा. आधी घासून, अन् शेवटी दुसऱ्या एका मशीनमध्ये, तिथं आर्गॉन वायूचे आयन त्याले हळूहळू झिजवतात. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. खड्याच्या आतली अणूंची रांग जिथं मोडली, तिथं काळा ठिपका दिसतो. मी ते ठिपके मोजते. चार वर्षं मी फक्त ठिपके मोजले, मामा.

आमचं म्हणणं असं, की हा खडा लोक समजतात त्यापेक्षा फार लवकर मोडायला लागतो. अगदी थोड्या मारातच ठिपके दिसतात. यावर दोन पेपर छापून आले. सर खूश आहेत. डिसेंबरमध्ये थीसिस जमा, अन् जानेवारीपासून फ्रान्समधली जागा कबूल झाली आहे. बाबांनी घराकडे मोहन नगरात सगळ्यांले सांगूनही टाकलं.

खरं सांगू? आनंद होत नाही. डोळे मिटले तरी ठिपकेच दिसतात. परवा मेसमध्ये ताटातल्या डोशावरचे काळे डाग मोजायला लागली होती. एकदाचं संपावं, बस, एवढंच वाटते.

मामीचे गुडघे कसे आहेत?

तुमची
दामिनी

हुडको, भिलाई
१९ जुलै २०२३

चि. दामिनीले मामाचे आशीर्वाद.

पत्र भेटलं. जोडाक्षरं ठीक आहेत. ‘मतलब’ लिहाले मराठीत ‘म्हणजे’ आहे.

इकडं सगळं तसंच. परवा हरेलीचा सण झाला, शेजारच्या साहूबाईनं तांदळाचा चिला अन् टमाटरची चटणी देल्ली. मामीचे गुडघे काही सुधारत नाहीत. ती जिना चढत नाही म्हणून गच्चीवर कपडे मीच वाळू घालतो. समोरचं घर तोडून तीन मजली करून राहिले, दिवसभर धूळ. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी सकाळी पावणेसहाले जाग येतेच, अन् मंग जाले कुठं नसते. मोहित पुण्याहून महिन्यातून एकदा आमा मायबापाले फोन करते. तो पण थकलेलाच वाटते. तुमच्या पिढीले आमच्या आधीच थकवा कावून येऊन राहिला, समजत नाही.

तुहं काम दोनदा वाचलं. औद्योगिक एरियातल्या त्या कास्टिंगच्या कारखान्यात, तो आता बंदच पडला, मी लॅबमध्ये हेच करत होतो. फक्त लोखंडाचं. तुकडा कापा, कागदावर घासा, मखमलीवर चमकवा, मायक्रोस्कोपखाली ठेवा, भोकं-भेगा पाहा, रिपोर्ट लिहा. म्हणून वाचाले बरं वाटलं.

एक गोष्ट विचारतो. मी मॅट्रिक पास माणूस, हसू नको. तू लिहिलं, खड्याले आयन मारता. अन् मंग पातळ करासाठी पण आयनच मारता. मंग कोणता ठिपका कोणत्या माराचा, हे कसं ओळखता? ज्याले पहिला मार देल्लाच नाही असा कोरा तुकडा त्याच दुसऱ्या मशीनमधून काढून तुम्ही पाह्यलाच असन. तेवढं फक्त लिही, म्हंजे मले समजन.

जेवत जाय. डोशावरचे डाग मोजू नको.

मामा

चेन्नई
११ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप मामाले नमस्कार.

तुमच्या पत्राचा थोडा राग आला. खोटं कशाले लिहू. इथं दर महिन्याला मोठमोठे लोक येऊन माझं काम पाहून जातात, कोणी हे विचारलं नाही.

कोरा तुकडा आमी पाहिला आहे. माझ्या आधी अतुलदादा म्हणून सीनियर होते, त्यांनी पाहिला. एकदम साफ होता, एकही ठिपका नव्हता. त्याचा फोटो माझ्या थीसिसच्या पहिल्या अध्यायात आहे.

आता तुमी पुढं विचाराल म्हणून आधीच सांगते. अतुलदादांच्या वेळी ते झिजवायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. त्यांनी तो तुकडा पूर्ण हातानं घासून पातळ केला होता. पण त्यानं फरक पडत नाही. झिजवणारे आयन फार मंद असतात, मशीनच्या पुस्तकातच लिहिलं आहे की नुकसान नगण्य. सगळे तेच वापरतात.

सरांले मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नाही. वैसे मशीन सप्टेंबरपर्यंत भरलेलं आहे, पण एखादी दुपार रिकामी मिळाली तर तुमच्या समाधानासाठी करून टाकीन.

इथं उकाडा फार आहे. थीसिसचा तिसरा अध्याय लिहून झाला. पाठ दुखते.

दामिनी

चेन्नई
६ सप्टेंबर २०२३

मामा,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहून राहिली.

सोमवारी एका मुलीचा स्लॉट रद्द झाला, मले दुपार मिळाली. ज्या खड्यातून माझे सगळे तुकडे कापले, त्याच खड्याचा एक तुकडा घेतला. त्याले काहीच मारलं नव्हतं. तो आमच्या मशीनमध्ये नेहमीसारखा झिजवला अन् मायक्रोस्कोपखाली ठेवला.

पहिल्या चौकटीतच ठिपके होते.

मले वाटलं डबी बदलली. चिठ्ठी पाहिली, बरोबर होती. मंगळवारी सकाळी दुसरा तुकडा केला, आज तिसरा. हलका मार खाल्लेल्या तुकड्यात जेवढ्या जागेत शंभर ठिपके असतात, तेवढ्याच जागेत कोऱ्या तुकड्यात अठ्ठ्याऐंशी आहेत. मी दोनदा मोजले. मोजण्यात माझा हात आता चुकत नाही, तेवढं तरी चार वर्षांत शिकली.

सगळंच गेलं असं नाही. जोराचा मार दिलेले तुकडे वेगळे आहेत, त्यांच्यात ठिपके कितीतरी जास्त. ते दोन अध्याय राहतात. पण ‘थोड्या मारातच मोडतो’, ज्याच्यासाठी आमचं नाव झालं, ज्याच्यासाठी फ्रान्सवाल्यांनी बोलावलं, ते खड्याचं नाहीच. ते पातळ करणाऱ्या मशीनचं आहे. खड्याले मीच मारलं अन् मीच लिहिलं की हा कमजोर आहे.

कोणालेच सांगितलं नाही. सरांले नाही, आईले नाही. मायक्रोस्कोप बंद करून बाहेर आली, कँटीनमध्ये बसली, कॉफी थंड झाली, परत गेली.

मामा, तुमच्या लॅबमध्ये तुमाले असं कधी झालं का? झालं असेल तर तुमी काय केलं ते लिहा. लवकर लिहा.

दामिनी

हुडको, भिलाई
१७ सप्टेंबर २०२३

चि. दामिनी, आशीर्वाद.

दोन्ही पत्रं भेटली. मले असं कधी झालं नाही. आमचं काम मोठं सोपं होतं.

माह्या मतानं तू जास्त विचार करून राहिली. थीसिस जमा करून टाक. छापलेलं किती लोक वाचतात? तुहा खडा काही उद्याच भट्टीत जाऊन राहिला नाही. तुह्या बापानं सगळ्यांले सांगून ठेवलं. फ्रान्सले जाय, तिथं बस्तान बसलं की मंग सवडीनं सुधारता येईन. मी उगाच तो प्रश्न विचारला.

पोरा, म्हंजे आपला पोळा, झाला. मामीनं बेसनाची ठेठरी तळली होती, पार्सल पाठवतो.

मामा

चेन्नई
१९ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप मामाले नमस्कार.

ठेठरी पोचली. रूममधल्या मुलींनी दोन दिवसांत संपवली.

तुमचं ऐकलं. म्हणजे आधी सरांले सांगून पाहिलं. तिन्ही फोटो टेबलावर ठेवले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, आता डिसेंबर तोंडावर आहे, तू आधी जमा कर, दुरुस्ती आपण नंतर पाठवू. नंतर म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. त्यांचीही रिटायरमेंट दोन वर्षांवर आहे. तुमी अन् सर दोघांनी एकच सांगितलं, म्हणून मी लिहायला बसली.

पहिल्या अध्यायात मी असं वाक्य लिहिलं आहे: ‘तुलनेसाठी मारा न केलेला तुकडा तपासला असता त्यात ठिपके आढळले नाहीत.’ वाक्य खरं आहे. अतुलदादांच्या तुकड्यात नव्हतेच. खोटं वाक्य असतं तर खोडता आलं असतं. हे खरं आहे, म्हणून ते तसंच बसून आहे.

तीस नोव्हेंबरला पूर्ण प्रत सरांकडे द्यायची. रोज चार पानं लिहिते. जेवण जात नाही. बाकी ठीक.

परवा मामीचा फोन आला होता. म्हणाली, तुमी धड जेवत नाही अन् सकाळी सायकल घेऊन कुरुदकडे जाता. कोणाकडे जाता विचारलं तर सांगत नाही. तब्येत बरी नाही का? माझ्यापासून लपवू नका. अशात मी पण खूप काही लपवून राहिली, एकानं तरी लपवू नये.

दामिनी

हुडको, भिलाई
८ नोव्हेंबर २०२३

चि. दामिनी,

तुह्या पत्राले उत्तर लिहाले एवढे दिवस लागले. चार कागद फाडले. निवडणुकीच्या गाड्या दिवसभर गल्लीतून फिरून राहिल्या, मामीले म्हणलं आवाजानं लिहिता येत नाही. पण कारण ते नव्हतं.

सप्टेंबरात मी तुले खोटं लिहिलं. मले असं झालं होतं.

सन ब्याण्णवची गोष्ट आहे. तुहा जन्म व्हाचा होता. आमच्या कारखान्यात भट्टीवर रामाजी नावाचा माणूस होता, तुमसरकडला. ओतकाम त्याच्या हातात. धातू ओताले तयार झाला का नाही, हे तो नुसत्या रंगावरून सांगे अन् ते बरोबर निघे. दुपारी डबा आमी सोबत खात होतो. माह्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पण मले कधी हुकूम केला नाही.

त्या साली पंपाच्या केसिंगचा, म्हंजे बाहेरच्या कवचाचा, माल होता. लॉटमधला एक तुकडा माह्याकडे आला. मी घासला, चमकवला, पाह्यलं तं बारीक काळी भोकं. मी रिपोर्ट लिहिला, ओतताना वायू अडकला, माल रद्द करा. दुसऱ्या लॉटमध्ये तेच, तिसऱ्यातही तेच. तीन रिपोर्टवर माही सही आहे. मॅनेजरनं सगळा माल फोडून पुन्हा वितळवला अन् रामाजीले भट्टीवरून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं. त्यानं भांडण केलं नाही. खाली मान घालून गेला.

पुढच्या महिन्यात लॅबले नवीन मखमल आली. जुनी पार झिजली होती, मी पाच वेळा मागितली तवा आली. त्या दिवशी काम कमी होतं. तिसऱ्या लॉटचा तुकडा ड्रॉवरमध्ये पडला होता, तो मी नवीन कपडा पाहासाठी म्हणून सहज चमकवला. एकही भोक नव्हतं. दुसऱ्या लॉटचा काढला. तोही साफ.

झिजलेल्या कपड्यानं लोखंडातले बारीक कण उपटून निघत होते, अन् त्यांच्या रिकाम्या जागा मले भोकं म्हणून दिसत होत्या. रामाजीचं ओतकाम बरोबर होतं. भोकं मी पाडली होती.

मी तुकडे ड्रॉवरमध्ये ठेवले अन् ड्रॉवर बंद केला. माल तं फुटून गेलाच होता, आता सांगून काय फायदा, असं मनाले सांगतलं. माह्या प्रमोशनचा कागद वर गेला होता. मामीले तवा मोहितचे दिवस होते. खूप कारणं होती. नंतर मोजली तं एकही धड नव्हतं. आठ महिन्यांनी रामाजी काम सोडून गेला. जाताना मले भेटाले आला होता. ‘सांभाळून राह्य’ म्हणाला.

तो कुरुदले राहाते, हे मले माहीत होतं. तुहं सप्टेंबरचं पत्र आल्यापासून पाच वेळा गेलो. तिकडं आता शेतं राह्यली नाहीत, कॉलन्या झाल्या, पण त्याची गल्ली जुनीच आहे. गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, पानठेल्यावर उभा राहातो, परत येतो. मामी म्हणते ते एवढंच. तब्येत बरी आहे.

तुले गप्प राह्य म्हणलं, ते तुह्या भल्यासाठी नव्हतं. तू बोलली असती तं मी एवढी वर्षं का बोललो नाही, हे मले पाहा लागलं असतं. म्हणून तुहं तोंड बंद केलं. मामाचं ऐकून तू ते वाक्य लिहिलं असन, तं ते वाक्य माहं आहे.

आता काय कर हे मी सांगत नाही. सांगणारा माणूस मी नाही. तुहं तू ठरव.

मामा

चेन्नई
२१ जानेवारी २०२४

तीर्थरूप मामाले नमस्कार.

एवढे दिवस पत्र नाही, तुमी घाबरले असाल. मले लिहिण्यासारखं काही होईपर्यंत लिहायचं नव्हतं.

तुमचं पत्र मी तीन दिवस बॅगेत घेऊन फिरली. मग एकोणतीस नोव्हेंबरले, प्रत द्यायच्या आदल्या दिवशी, सरांकडे गेली, तुमी काय विचारलं होतं ते सांगितलं, अन् म्हटलं की मी प्रत देणार नाही. सरांनी दार बंद करायला सांगितलं. मले वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले अन् म्हणाले, “ते फोटो चार वर्षं मीही पाहिले. तुझ्या मामांनी जे विचारलं ते मला सुचायला हवं होतं.” त्या दिवशी मले ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

त्यांनी दोन आठवडे घेतले. मग मासिकांले पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, खाली दोघांची नावं. पहिला पेपर मागे घेतला, दुसऱ्यात दुरुस्ती. पत्र गेलं त्या दिवसापासून सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. रागावले आहेत असं नाही. बोलायला काही नाही, असं आहे.

फ्रान्सची जागा गेली. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं, चार ओळींचं. थीसिसले अजून दीड वर्ष लागेल. फेलोशिप मार्चमध्ये संपते, पुढचं सर पाहतो म्हणाले. शुभंकर म्हणून माझा ज्युनियर आहे, त्यानं त्याचं पूर्ण पहिलं वर्ष माझ्या पेपरवर उभं केलं होतं. त्याले सगळं पुन्हा करावं लागून राहिलं. तो मेसमध्ये माझ्या टेबलावर बसत नाही. मी पण त्याच्या जागी असती तर बसली नसती.

बाबा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी फोन करून विचारलं, “मंग आता लोकांले काय सांगू?” मी म्हटलं, सांगा की मोजणी चुकली, पोरगी परत मोजून राहिली. ते म्हणाले, बरं.

लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटते. मले वाटलं नाही, मामा. फक्त झोप लागते आता. दहा-दहा तास झोपते अन् उठली तरी थकलेली असते.

आता हातानं घासते, अतुलदादांसारखं. एका तुकड्याले नऊ दिवस लागतात अन् तीनपैकी दोन शेवटी फुटतात. डिसेंबरपासून दोनच हाती लागले. पहिल्यात, हलक्या माराच्या तुकड्यात, आधी शंभर भरायचे तेवढ्याच जागेत अकरा ठिपके होते. म्हणजे खडा बराच मजबूत आहे. हे कळायला मले पाचवं वर्ष लागलं.

तुमी रामाजीकाकांकडे गेलते का? नसाल तर जा असं मी म्हणणार नाही. फक्त विचारते.

दामिनी

हुडको, भिलाई
१२ फेब्रुवारी २०२४

चि. दामिनीले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र मामीले वाचून दाखवलं. पूर्ण. माहं नोव्हेंबरचं पत्र काय होतं, ते पण सांगतलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडून राहिली होती. तिनं विचारलं, मोहितच्या वेळचीच गोष्ट का? मी हो म्हणलं. ती पुन्हा भाजी निवडाले लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी माहा धुतलेला सदरा काढून खाटेवर ठेवला, तवा समजलं की ती मले जा म्हणून राहिली.

काल रविवार होता. दहा वाजता गेलो. पानठेल्यावर थांबलो नाही.

रामाजीचं घर दोन खोल्यांचं आहे, पुढं छोटं अंगण. तो उन्हात खाट टाकून तिवऱ्याच्या शेंगा सोलून राहिला होता. खूप वाळला. बहात्तर-त्र्याहत्तरचा असन. मी समोर उभा राह्यलो तं डोळ्यावर हात धरून पाह्यलं अन् म्हणाला, केवलराम का? मंग सरकून जागा देल्ली.

त्याची बायको रुक्मा आतून चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हणलं. चहा घेतला असता तं मी तुह्या आईबापाची खुशाली सांगून परत आलो असतो. मी बसलो अन् सरळ सांगतलं. मखमल, तुकडे, तीन रिपोर्ट, ड्रॉवर. सगळं. मले वाटलं मोठी गोष्ट आहे, अर्धा घंटा लागन. पाच मिनिटांत संपली.

तो शेंगा सोलतच होता. मंग हात थांबला.

“मंग माल चांगला होता?”

“चांगला होता. तिन्ही लॉट.”

“पक्कं?”

“पक्कं. मी डोळ्यानं पाह्यलं.”

त्यानं रुक्माले आवाज देल्ला. ती पदराले हात पुसत बाहेर आली. “हिले सांग,” तो मले म्हणाला. “जसं मले सांगतलं, तसंच सांग.”

मी पुन्हा सांगतलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. रुक्मा उंबऱ्यावर बसली. ती बराच वेळ त्याच्याकडं पाहात होती, माह्याकडं नाही. मंग तिनं सांगतलं ते तुले लिहितो, कारण मले हे माहीत नव्हतं.

त्या दिवसांत त्यांची लहान पोरगी तापानं होती. रामाजी तिले दवाखान्यात ठेवून ड्यूटीवर येत होता. माहे रिपोर्ट आले तवा त्याले वाटलं, आपलं मन जाग्यावर नव्हतं, आपणच खराब ओतलं. मंग त्याले वाटाले लागलं का आपला हात गेला. कारखाना सोडल्यावर रायपूरकडल्या दोन भट्टीवाल्यांनी बोलावलं होतं, घरी माणूस पाठवला होता. तो गेला नाही. म्हणे, धातू माहं ऐकत नाही आता, कोणाचा जीव जाईन. राइस मिलवर चौकीदारी केली, वीस-बावीस वर्षं. पुन्हा भट्टीजवळ गेला नाही. रस्त्यानं जाताना लोहाराची भट्टी दिसली तरी दुसरीकडं पाहे, असं ती म्हणाली.

मी समजत होतो, तो मले शिव्या देत असन. इतकी वर्षं मी त्या शिव्यांले भेत होतो. त्यानं माहं नावच घेतलं नव्हतं, दामिनी. माहा रिपोर्ट खरा आहे असं समजून तो जगला.

माफी मागाले तोंड उघडलं, तं त्यानं हात वर करून थांबवलं. मंग एवढंच विचारलं, “तुले कधी समजलं?”

मी म्हणलं, पुढच्याच महिन्यात.

त्यानं राह्यलेल्या शेंगा सोलल्या, टरफलं एका बाजूले केली. रुक्मा आत गेली ती बाहेर आली नाही. मी उठलो. तो पण उठला अन् चपला घालून माह्यासोबत निघाला. गल्लीच्या तोंडापर्यंत आमी सोबत चाललो, हळूहळू. मले वाटलं तो असाच परत जाईन. मी सायकलवर टांग टाकणार, तेवढ्यात त्यानं हँडलवर हात ठेवला.

“पुढच्या महिन्यात मी यार्डातच होतो, केवलराम,” तो म्हणाला. “आवाज देल्ला असता तं आलो असतो.”

मंग हात काढला अन् परत फिरला. मी त्याले घरात जाईपर्यंत पाह्यलं. सायकलवर काही बसता आलं नाही. हातात धरून हुडकोपर्यंत पायीच आलो.

तुहा मामा
केवलराम